जुन्या वळणाच्या हंबकरसाठी चुंबकाची निवड

विजेच्या गिटारला पोकळ उदराची आवश्यकता नसते. सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारची लाकडी पेटी तारेचे स्पंदन हवेपर्यंत पोचविते. विजेच्या गिटारमध्ये हे कार्य तारांच्या खाली बसविलेल्या, काडेपेटीहून किंचित मोठ्या अशा एका साधनाकडे आलेले असते. त्यास इंग्रजीत पिकअप म्हणतात. ‘ध्वनिग्राहक’ असा प्रतिशब्द चटकन सुचतो खरा, परंतु तो फसवा आहे. कारण हे साधन ध्वनी ऐकतच नाही. त्याच्यासमोर कितीही उंच स्वरात गायिले तरी ते जवळजवळ मुकेच राहते. ते टिपते ती लोहयुक्त तारेची हालचाल. तंबोऱ्याखाली हेच साधन धरले, तर जोडाच्या पोलादी तारांना ते साद देईल आणि खर्जाच्या पितळी तारेविषयी उदासीन राहील. म्हणून प्रस्तुत पुस्तिकेत कारागिरांच्या तोंडी असलेला ‘पिकअप’ हाच शब्द ठेवला आहे.

पिकअपचे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचे आहे. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार स्वतःच अल्पशी चुंबकित होते. ती कंप पावू लागली की तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र हलते, आणि जवळच्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषांची संख्या क्षणोक्षणी बदलते. या बदलामुळे वेटोळ्यात तारेच्या कंपनसंख्येचाच विद्युत्-दाब निर्माण होतो. हा दाब अत्यल्प असल्यामुळे तो विवर्धकाकडे नेऊन वाढवावा लागतो, व अखेरीस ध्वनिक्षेपकातून तो कानी पडतो. या साखळीचा पहिला दुवा चुंबक होय. तो काढून घेतला तर तार कितीही छेडली तरी वेटोळ्यास त्याची वार्ता लागणार नाही.

गुणगुणाटावरील उपाय

एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये एक मोठा दोष असतो. घरातील विद्युत्-वाहिन्या, रोहित्रे व दिवे यांच्याभोवती प्रत्यावर्ती प्रवाहाचे क्षेत्र पसरलेले असते. अमेरिकेत त्याची आवर्तने सेकंदास ६०, तर आपल्या देशात ५०. हे क्षेत्रही वेटोळ्यात शिरते आणि वाद्य स्वस्थ असतानासुद्धा ध्वनिक्षेपकातून अखंड ‘घूंऽऽ’ असा नाद येत राहतो. या नादास इंग्रजीत ‘हम’ म्हणतात व त्याचा प्रतिकार करणारा तो ‘हंबकर’. मराठी कानाला या नावावरून हंबरण्याची आठवण होईल. ती अगदीच अस्थानी नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू या गावी गिब्सन कंपनीचा कारखाना होता. तेथील अभियंता सेथ लव्हर याने १९५५ च्या जून महिन्यात या योजनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. पेटंट मिळाले ते १९५९ च्या जुलैमध्ये. ग्रेच कंपनीसाठी रे बट्स हाही त्याच सुमारास अशाच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करीत होता. लव्हरच्या योजनेत दोन वेटोळी शेजारी-शेजारी ठेवून एकापुढे एक अशी जोडलेली असतात. एकाच्या पोटात सहा पोलादी खुंट्या, दुसऱ्याच्या पोटात उंची कमी-जास्त करता येणारे सहा पोलादी स्क्रू. आणि दोहोंच्या खाली, मधोमध, एकच आडवी चुंबकपट्टी. ही पट्टी लांबीच्या दिशेने नव्हे, तर रुंदीच्या दिशेने चुंबकित केलेली असते. तिची एक लांब कड खुंट्यांना टेकते, दुसरी कड स्क्रूंना धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीला. त्यामुळे खुंट्यांची ओळ एका ध्रुवाची व स्क्रूंची ओळ विरुद्ध ध्रुवाची होते.

यातील युक्ती सोपी आहे, पण क्षणभर थांबून पाहण्याजोगी आहे. तारेपासून मिळणाऱ्या दाबाची दिशा दोन गोष्टींवर ठरते: वेटोळे कोणत्या बाजूने फिरते, आणि त्याच्या पोटात कोणता ध्रुव आहे. दोन वेटोळ्यांत या दोन्ही गोष्टी उलट केल्या, तर दोन उलटांचे सुलट होऊन तारेचे दाब एकमेकांत मिळतात. बाहेरून येणाऱ्या गुणगुणाटाला मात्र आतील चुंबकाशी काही कर्तव्य नसते. त्याची दिशा केवळ वेटोळ्यावर ठरते. म्हणून तो एका वेटोळ्यात उलट व दुसऱ्यात सुलट येऊन बहुतांशी लोप पावतो.

पेटंट हाती येईपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, म्हणजे सुमारे १९५७ ते १९६२ या अवधीत, या पिकअपांच्या तळाशी ‘पेटंटासाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी चिठ्ठी चिकटविलेली असे. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘पीएएफ’ हे नाव पडले. पुढील चिठ्ठीवर पेटंटाचा क्रमांक आला खरा, पण तो या पिकअपचा नव्हताच. तारा अडकविण्याच्या एका भागासाठी लेस पॉल या वादकाला मिळालेल्या पेटंटचा तो क्रमांक होता.

आज जुन्या वळणाचा हंबकर म्हटले की या पीएएफचेच अनुकरण अभिप्रेत असते. १९५८ ते १९६० मधील लेस पॉल गिटार आज एखाद्या घराच्या मोलाने विकल्या जातात, आणि त्या मोलातील बराच वाटा या दोन पिकअपांचा असतो. ज्याला असे वाद्य परवडत नाही तो नव्या गिटारमध्ये जुना स्वर शोधू लागतो. सर्वांत स्वस्त व सोपा उपाय म्हणून त्याला चुंबक बदलण्याचा सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही. परंतु त्याच्याभोवती दंतकथांचे इतके जाळे वाढले आहे की पदार्थविज्ञान कोठे संपते व श्रद्धा कोठे सुरू होते हे सांगणे कठीण व्हावे.

अल्निकोचे कुटुंब

१९३१ साली जपानमधील तोकुशिची मिशिमा याने लोखंड, निकेल व ॲल्युमिनिअम यांच्या मिश्रधातूपासून पूर्वीच्या पोलादी चुंबकांहून पुष्कळ सरस असा चुंबक बनविला. त्यात पुढे कोबाल्ट व तांबे मिसळून जे कुटुंब तयार झाले त्याचे नाव अल्निको. ॲल्युमिनिअम, निकेल व कोबाल्ट यांच्या रासायनिक चिन्हांची ही मोळी आहे. गंमत अशी की पिकअपमध्ये वापरल्या जाणाऱ्या अल्निको ३ या प्रकारात कोबाल्ट मुळीच नसते; नावातील ‘को’ तेथे केवळ कुळाची आठवण म्हणून उरला आहे.

प्रकारांचे क्रमांक हा बळाचा चढता क्रम समजणे ही नेहमीची चूक होय. पुढील आकडे ओतीव अल्निकोचे, उद्योगात रूढ असलेल्या मानकांतील आहेत. अल्निको २ मध्ये कोबाल्ट सुमारे १३ टक्के. त्याचे अवशिष्ट चुंबकत्व, म्हणजे चुंबकित करणारे क्षेत्र काढून घेतल्यावर धातूत उरणारे चुंबकत्व, सुमारे ७,५०० गौस. अल्निको ३ चे ७,००० गौस. अल्निको ४ मध्ये कोबाल्ट ५ टक्के आणि अवशिष्ट चुंबकत्व केवळ ५,६०० गौस. अल्निको ५ मध्ये कोबाल्ट २४ टक्के, आणि येथे आकडा एकदम १२,८०० गौसवर उडी घेतो.

या उडीचे कारण केवळ कोबाल्ट नव्हे. अल्निको ५ ओतल्यानंतर तो प्रबळ चुंबकीय क्षेत्रात थंड केला जातो. थंड होताना मिश्रधातूच्या अंतरंगात लोह व कोबाल्ट यांनी समृद्ध असे अतिसूक्ष्म लांबट कण वेगळे होतात, आणि बाहेरील क्षेत्रामुळे ते सर्व एकाच दिशेने रांगेत उभे राहतात. त्या दिशेने हा चुंबक बलवान, इतर दिशांनी दुबळा. २, ३ व ४ हे प्रकार अशा दिशेविना थंड केलेले असतात, म्हणून ते सर्व बाजूंनी सारखे. पट्टी रुंदीच्या दिशेने चुंबकित करावयाची असल्यामुळे अल्निको ५ ची जन्मजात दिशाही रुंदीचीच असावी लागते. ती चुकली तर महाग धातू वापरूनही फळ मिळत नाही. काही कारागीर मुद्दाम क्षेत्राविना थंड केलेला अल्निको ५ वापरतात. त्याचे बळ दिशायुक्त ५ पेक्षा बरेच कमी असते, आणि जुन्या स्वराच्या शोधकांत त्याला चांगली मागणी आहे.

आता एक सूक्ष्म मुद्दा. वरील आकडे पाहून कोणी म्हणेल की अल्निको ४ हा सर्वांत मवाळ, व ५ हा त्याच्या दुपटीहून प्रबळ. प्रत्यक्ष पिकअपमध्ये असे घडत नाही. लांब, बारीक सळईसारखा चुंबक आपले अवशिष्ट चुंबकत्व बव्हंशी राखू शकतो. पण हंबकरची पट्टी अडीच इंच लांब, अर्धा इंच रुंद व एक-अष्टमांश इंच जाड असून चुंबकित आहे ती अर्ध्या इंचाच्या दिशेने. चुंबकीय दृष्ट्या ती आखूड ठरते. आखूड चुंबकाचे ध्रुव परस्परांजवळ असल्यामुळे तो स्वतःच स्वतःला काही अंशी निर्बल करतो. अशा स्थितीत महत्त्व येते ते निग्रहबलाला, म्हणजे विरुद्ध क्षेत्राला तोंड देऊन चुंबकत्व टिकविण्याच्या शक्तीला. ही शक्ती अल्निको ३ मध्ये सुमारे ४८० ओर्स्टेड, २ मध्ये ५६०, ५ मध्ये ६४० आणि ४ मध्ये ७२० असते. म्हणून ४ हा कागदावर दिसतो तितका मागे पडत नाही, आणि ५ ची आघाडीही कागदावरच्याइतकी राहत नाही. भोवतालच्या पोलादी खुंट्या व स्क्रू बलरेषांना वाट करून देतात व पट्टीला साहाय्य करतात; परंतु पट्टी व पोलाद यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी त्या साहाय्यात घट होते. खडबडीत ओतीव पट्ट्या व घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्या यांच्या स्वरभेदाविषयी जे बोलले जाते, त्यातील खरा अंश बहुधा एवढ्यापुरताच आहे. खडबडीतपणात स्वतःचा असा काही गुण नाही.

मग मूळ पीएएफमध्ये कोणता चुंबक होता? याचे प्रामाणिक उत्तर असे की जो हाती आला तो. १९५७ ते १९६० च्या दरम्यानच्या पिकअपांत २, ३, ४ व ५ असे चारही प्रकार आढळतात. त्यांची अडीच इंची लांबी आधीच्या पी-९० या एकेरी पिकअपच्या चुंबकांचीच होती. पुढे १९६१ च्या सुमारास किंचित आखूड पट्टी आली व अल्निको ५ स्थिरावला. वेटोळ्यांचीही तीच कथा. प्रत्येकी सुमारे पाच हजार फेरे अपेक्षित असले तरी गुंडाळणारे यंत्र दरवेळी नेमके तेवढ्यावर थांबत नसे. त्यामुळे एका पिकअपचा रोध साडेसात हजार ओहम, तर दुसऱ्याचा नऊ हजारांच्या जवळ. तात्पर्य, ‘खरा पीएएफ स्वर’ असा एकच स्वर कधी नव्हता. जो विक्रेता एकाच पट्टीला अस्सल म्हणून जादा दाम मागतो, त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहावे.

कानाला काय कळते

वादकांच्या परिभाषेत अल्निको २ व ३ मऊ, गोल, खर्जात किंचित सैल, ४ समतोल, ५ खर्जात घट्ट व तारसप्तकात चमकदार. अनेक अनुभवी कानांनी हे वर्णन दिले आहे. ते निव्वळ भ्रम म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. परंतु त्याची कारणे चुंबकाच्या एखाद्या गूढ ‘स्वभावात’ न शोधता साध्या गोष्टींत शोधावीत.

पहिले कारण आवाजाच्या पातळीचे. क्षेत्र प्रबळ तर दाब अधिक. निर्वात नलिकांच्या विवर्धकास अधिक दाब मिळाला की तो आपल्या मर्यादेशी लवकर पोचतो, लहरींचे माथे दाबले जातात व नवे उपस्वर जन्मतात. कान यास ‘वेगळा स्वर’ म्हणतो, आणि तो खरोखरच वेगळा असतो. पण पिकअप थोडा खाली उतरविला तर यातील पुष्कळसा भेद नाहीसा होतो.

दुसरे कारण तारेवरील ओढ. चुंबक तारेला आपल्याकडे खेचतो, व ही ओढ क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती अति झाली तर तारेची कंपने बिघडतात, नाद लवकर विरतो व जाड तारांतून बेसूर घरघर उमटते. हंबकरमध्ये क्षेत्र पोलादी खुंट्यांतून वर येत असल्यामुळे हा उपद्रव थोडा असतो. मात्र पिकअप तारेला जवळजवळ चिकटवून बसविला तर येथेही तो जाणवतो.

तिसरे कारण वेटोळ्याच्या प्रवर्तकतेचे. अल्निको हा स्वतः काही अंशी बलरेषांना वाट देणारा पदार्थ आहे; चिनी मातीच्या भांड्याप्रमाणे भाजून बनविलेला फेराइट चुंबक तशी वाट जवळजवळ देत नाही. त्यामुळे अल्निको काढून फेराइट बसविला तर प्रवर्तकता किंचित घटते व स्वराची चमक किंचित वर सरकते. किती, हे एका हिशेबाने तोलून पाहू. अशा पिकअपची प्रवर्तकता सुमारे ४.४ हेन्री धरली, त्याची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरड, आणि मीटरला १०० पिकोफॅरड धारितेची ५ मीटर तार विवर्धकापर्यंत नेली, तर एकूण धारिता ६०० पिकोफॅरड होते. या जोडीचा अनुनाद सेकंदास सुमारे ३,१०० आवर्तनांवर येतो, व त्याच्या आसपासचे उपस्वर उठून दिसतात. तीच तार २ मीटरची केली तर धारिता ३०० उरते आणि अनुनाद सुमारे ४,४०० वर जातो. अल्निकोच्या एका प्रकाराऐवजी दुसरा बसवून एवढा पालट कधीच होत नाही. नव्या चुंबकासाठी पैसे मोजण्यापूर्वी ज्याने आपली तार एकदा आखूड करून पाहिली नाही, त्याने क्रम उलटा लावला असे म्हणावे लागते.

चुंबक म्हातारा होतो काय?

जुन्या पिकअपचा गोडवा चुंबकाच्या वार्धक्यामुळे येतो, अशी समजूत दृढ आहे. मुद्दाम दुर्बल केलेले चुंबक ‘जुने’ म्हणून विकलेही जातात. नुसत्या काळाने मात्र अल्निकोचे फारसे काही बिघडत नाही. सुमारे ८६० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत त्याचे चुंबकत्व पूर्णतः लोपत नाही, आणि घरातील उष्णतेत दशकानुदशके होणारी घट अगदी अल्प असते. त्याचा खरा शत्रू विरुद्ध क्षेत्र हा होय. अल्निकोचे निग्रहबल फेराइटच्या मानाने फार कमी असल्यामुळे दोन पट्ट्यांचे सजातीय ध्रुव बळेच समोरासमोर आणले, त्या एकमेकींवर घासल्या किंवा मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या चुंबकाशेजारी टाकून ठेवल्या, तर क्षणात त्यांचे बळ काही अंशी जाते. जुने पिकअप दुर्बल आढळतात ते बहुधा अशाच प्रसंगांमुळे. मुद्दाम दुर्बल केलेला अल्निको ५ घेणे गैर नव्हे. फक्त तो दुर्बल आहे म्हणून घ्यावा, वयोवृद्ध आहे म्हणून नव्हे.

निवड व बदल

गळ्याजवळच्या पिकअपखाली तारेचा झोका मोठा असतो व खर्ज भरपूर येतो. तेथे स्वर घोगरा व चिखलासारखा वाटत असेल तर ३ किंवा ४ बसवून पाहणे सयुक्तिक आहे. घोडीजवळ तारेचा झोका लहान, म्हणून तेथे ५ चे बळ उपयोगी पडते. परंतु तेथील कर्कशपणा सोसवत नसेल तर २ घ्यावा. दोन्ही ठिकाणी एकच प्रकार हवा, आणि १९५७ ते १९६० च्या वळणाशी प्रामाणिक राहावयाचे, तर माझ्या मते ४ किंवा क्षेत्राविना थंड केलेला ५ यांपासून आरंभ करणे शहाणपणाचे. साठोत्तरी स्वर हवा असेल त्याने आखूड अल्निको ५ घ्यावा. अल्निको ८ मध्ये ३५ टक्के कोबाल्ट असून त्याचे निग्रहबल १,६५० ओर्स्टेडच्या आसपास आहे; तो चांगला चुंबक आहे, पण जुन्या हंबकरच्या घरचा नव्हे.

तुलना करताना शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपपासून तिचे अंतर मोजावे. गळ्याकडे सुमारे अडीच मिलिमीटर व घोडीकडे सुमारे दीड मिलिमीटर हे नेहमीचे प्रमाण. चुंबक बदलल्यावर आवाज पूर्वीच्याच पातळीवर येईल असे अंतर पुन्हा बसवावे, मगच स्वराविषयी मत बनवावे. दुसऱ्या कोणाकडून वाजवून घेऊन, कोणता चुंबक आहे हे न जाणता ऐकले तर उत्तमच.

बदल करण्याचे कौशल्य फार नाही, धीर मात्र लागतो. पिकअप मूळचा पीएएफ असेल तर त्यास हात लावू नये. झाकणाचे न उकललेले डाखही त्याच्या मोलाचा भाग असतात, आणि एकदा उकललेला डाख पुन्हा मूळचा होत नाही. इतर पिकअपांत तारा सैल करून पिकअप बाहेर घ्यावा, झाकण असल्यास त्याचे डाख थोड्या वेळात, कमीत कमी उष्णतेने सोडवावेत. वेटोळ्यांची तार माणसाच्या केसाएवढी, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाड असते. पेचकसाचे टोक घसरले की पाच हजार फेरे वाया गेले असे समजावे. तळाचे चार स्क्रू पूर्ण न काढता केवळ ढिले करावेत व जुनी पट्टी बाजूने सरकवून बाहेर काढावी.

ती काढण्यापूर्वी होकायंत्र जवळ नेऊन स्क्रूंची ओळ कोणत्या ध्रुवाची आहे हे लिहून ठेवावे. नवी पट्टी उलटी बसली तर गुणगुणाट पूर्वीसारखाच लोपतो, एकट्या पिकअपचा स्वरही तोच राहतो, आणि म्हणून चूक ध्यानात येत नाही. ती उघडकीस येते दोन्ही पिकअप एकत्र वाजविल्यावर: त्यांचे दाब एकमेकांविरुद्ध जातात व स्वर पातळ, नाकातून आल्यासारखा होतो. फ्लीटवूड मॅक या वृंदाचा वादक पीटर ग्रीन याच्या १९५९ च्या लेस पॉलमधील गळ्याजवळच्या पिकअपचा चुंबक असाच उलटा होता, असे सांगितले जाते. त्याचा तो विलक्षण स्वर आज कित्येक जण हेतुपूर्वक साधतात. ज्यास तो नको असेल त्याने नव्या पट्टीचा ध्रुव होकायंत्राने ताडून पाहावा, तिच्या दोन्ही कडा पोलादाला नीट भिडल्या आहेत याची खात्री करावी, आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळावेत. एकच स्क्रू बळाने आवळला तर बॉबिन वाकते. काढलेली पट्टी प्रकार व दिनांक लिहिलेल्या पाकिटात, इतर चुंबकांपासून दूर ठेवावी.